गौरीचं अंडं अडलं तेव्हा

सकाळी पुण्याजवळच्या मांजरी गावाहून एका आजींचा फोन आला. "मॅडम, गौरी कालपासून नुसती कुंथतेय. दाण्याला तोंड लावत नाही." गौरी म्हणजे त्यांनी पाळलेली चिनी राजहंसाची मादी. फेब्रुवारी म्हणजे अंड्यांचा हंगाम, त्यामुळे मला फोनवरच शंका आली. मुंढव्याच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडकली तेव्हा जीव टांगणीला लागला. अंडं अडलेला पक्षी फार वेळ तग धरत नाही.

पडवीत ती पेंग्विनसारखी ताठ उभी होती, श्वासागणिक शेपटी वरखाली. एरवी अनोळखी माणसावर धावून जाणारी ही गौरी गुमान माझ्या काखेत आली, तेच मला वाईट लक्षण वाटलं. पोटाखाली बोटं लावली तर अंडं हाताला लागलं.

शेजारचे काका म्हणाले, "दाबून काढा की!" मी त्यांना हातही लावू दिला नाही. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारेनं अंडनलिका फाटते, जंतुसंसर्ग होतो, मग पक्षी वाचवणं अवघड. अंडं बाहेर ढकलायला स्नायूंना कॅल्शियम लागतं. आधी त्याचं इंजेक्शन दिलं. आजींच्या नातवानं गिझरचं पाणी टपात ओतलं, कोपराला सोसेल इतपत कोमट. पोट बुडेल असं तिला 20 मिनिटं बसवलं, मागच्या वाटेला जेली लावली आणि बाथरूममध्येच अंधार करून दार लोटलं. अशा वेळी माणसांची गर्दी नको, ऊब आणि शांतता हवी. आजी दाराला कान लावून बसल्या. मीही हललेच नाही.

दुपार कलल्यावर अंडं पडलं. कोंबडीच्या अंड्याच्या जवळपास तिप्पट, पण कवच पातळ, एका टोकाला सुरकुतलेलं. आजींचे डोळे भरून आले. खरं सांगते, माझेही.

मग खाण्याची चौकशी केली. तांदळाची कणी, पाव, शिळी पोळी. यात कॅल्शियम नावालाच. शिवाय पडवीतला बल्ब रात्री अकरापर्यंत चालू, आणि जास्त वेळ उजेड मिळाला की मादी अंडी घालत राहते. बल्ब संध्याकाळीच बंद करायला सांगितला. पाव पूर्ण बंद, त्याऐवजी हिरवा चारा आणि अंडी घालणाऱ्या पक्ष्यांचं खाद्य. शिंपल्यांचा चुरा मात्र खाद्यात कालवायचा नाही, वेगळ्या वाटीत ठेवायचा. लागेल तेवढा ती आपणहून खाते.