कोटोरचा घाट आणि डबल बेल

माँटेनेग्रोतल्या कोटोरच्या बंदरात किती क्रूझ लागणार, यावर आमचा दिवस ठरतो. टूर मॅनेजरच्या हातातल्या कागदावर काहीही छापलेलं असो, मी आधी बंदराचं वेळापत्रक बघते. त्या दिवशी तीन जहाजं येणार होती. म्हणजे दहा वाजल्यानंतर तटबंदीच्या आत पाऊल ठेवायची सोय नाही. १४२० ते १७९७ व्हेनिसची सत्ता असलेलं हे गाव. छत्री उंच धरून चालणारा गाइड आणि त्याच्यामागे पन्नास माणसं, असा हिशेब त्या बोळांनी कधी धरलेलाच नाही. मी क्रम उलटा करून टाकला. आधी लोवचेनचा डोंगर, मग पेरास्त गावासमोरचं बेट, कोटोर संध्याकाळी. ‘पण कार्यक्रमात तर कोटोर सकाळी लिहिलंय,’ अशी कुरकुर झाली. ती होतेच.

कोटोरहून लोवचेनकडे चढणारा घाट ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमदानीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेला. ओळीने २५ चिमटीदार वळणं, प्रत्येकावर क्रमांकाची पाटी. मधला रस्ता बऱ्याच ठिकाणी एकाच गाडीपुरता. खाली कोटोरचा सगळा उपसागर उघडत जातो आणि गाडीतले सगळे मोबाइल घेऊन एकाच बाजूला झुकतात. माँटेनेग्रोत एकच ठिकाण बघायला वेळ असेल तर मी हा रस्ता सांगेन. फक्त तो सकाळी लवकर चढायचा, नाहीतर वरून उतरणाऱ्या गाड्या भेटतात.

आम्हाला भेटल्याच. दोन वळणांच्या मधे समोरून मोठी बस आली आणि तिच्यामागे चार-पाच मोटारींची शेपटी. चढणाऱ्याला वाट द्यायची हा घाटाचा नियम खरा, पण त्या शेपटीला मागे सरकवणार कोण? आमच्या मिनीबसला मागच्या वळणापर्यंत रिव्हर्स घेण्यावाचून इलाज नव्हता. ड्रायव्हर तरणा पोरगा, गाडी नवीन, दरीची बाजू उजवीकडे. त्याने आरशात बघितलं, स्टिअरिंगवरचे हात सैल सोडले आणि गप्प बसला.

तेवढ्यात मागच्या सीटवरचे काका उठले. एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले, वरंध्याच्या घाटात उमेदीची वर्षं गेलेली. मुलीने हौसेने पाठवलेलं, म्हणून काकूंबरोबर आलेले. चार दिवसांत कोणाशी फारसं बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘काका, तुम्ही बसा, मी बघते.’ ते म्हणाले, ‘तुम्ही काय बघणार?’ आणि दार उघडायला लावून उतरलेच.

गाडीच्या मागच्या पत्र्यावर त्यांनी दोन थापा मारल्या. ड्रायव्हरला काही कळेना. काकांनी हाताने मागे येण्याची खूण केली, पुन्हा दोन थापा. गाडी हलली. ‘येऊ दे, येऊ दे… डावीकडे खा थोडी…’ सगळं शुद्ध मराठीत. मग एकच थाप, कडक. गाडी जागच्या जागी. मागचं चाक आणि कठड्याचा दगड यांत वीतभर अंतर असेल. एक थाप थांब, दोन थापा चल: कंडक्टरच्या घंटीचं हे व्याकरण त्या पोराला तिसऱ्या वेळेला पाठ झालं. वळणाच्या पोटात गाडी शिरली, समोरची बस आरसे वाचवत खाली गेली. काका हात पुसत आत आले आणि म्हणाले, ‘क्लच जास्त दाबतो. सांगा त्याला.’ मी सांगितलं नाही.

लोवचेनच्या येझेर्स्की शिखरावर, १६५७ मीटरवर, न्येगोशची समाधी. माँटेनेग्रोचा बिशप, राज्यकर्ता आणि कवी एकाच देहात. १८५१ मध्ये गेला. स्वतः बांधलेल्या छोट्या चॅपेलात पुरावं एवढीच त्याची इच्छा होती. ते चॅपेल आता नाही, त्याजागी मेश्त्रोविच या शिल्पकाराच्या आराखड्याची ग्रॅनाइटची भव्य वास्तू आहे. मला ती जरा जास्तच भव्य वाटते. ४६१ पायऱ्या मात्र चढाव्यात, मागच्या गोल कट्ट्यासाठी. ढग नसले तर तिथून डोंगरांच्या रांगांमागे रांगा दिसतात. त्या दिवशी नव्हते.

दुपारी पेरास्तहून होडीने ‘खडकावरच्या माउली’च्या बेटावर. हे बेट माणसांनी केलेलं. १४५२ मध्ये एका खडकावर मेरीचं चित्र सापडलं अशी आख्यायिका. तेव्हापासून खलाशी तिथे दगड टाकत आले, दगडांनी भरलेली जुनी जहाजं बुडवत आले. आजही २२ जुलैच्या संध्याकाळी होड्यांची रांग जाऊन दगड टाकते. बेटावरच्या चर्चच्या संग्रहात एक भरतकाम आहे. यात्सिंता नावाच्या बाईने समुद्रावर गेलेल्या नवऱ्याची वाट बघत २५ वर्षं ते भरलं, आणि त्यात स्वतःचे केस वापरले, असं सांगतात. देवदूतांचे केस आधी गडद, नंतर पांढरे होत गेलेले काचेला नाक लावलं की दिसतात.

गट हळहळला. काकू मात्र काचेपासून मागे सरकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, ‘पंचवीस ना? मी ह्यांच्या मुक्कामी गाड्यांची वाट त्याहून जास्त वर्षं बघितली. माझं पायपुसणंसुद्धा कोणी काचेत ठेवलं नाही.’

काकांनी होडी कधी सुटणार ते विचारलं.