फुली मारलेल्या टाइल्स

रविवार, रात्री साडेअकरा

स्वयंपाकघर मोडून आज नववा दिवस. इंडक्शन हॉलमधल्या टेबलावर, भांडी घासायची न्हाणीघरात, आणि चमचे कुठल्या खोक्यात गेलेत हे घरात कुणालाच ठाऊक नाही. ‘चार दिवसांचं काम, मी करतो’ असं मीच म्हटलं होतं, त्यामुळे तक्रार करायचीही सोय नाही.

आज ओट्यामागच्या टाइल्स लावल्या. म्हणजे लावल्या, काढल्या आणि परत लावल्या. ओटा सपाट असणारच असं धरून पहिली रांग थेट त्याच्यावर टेकवली. तिसरी रांग वरच्या कपाटापाशी पोचली तेव्हा दिसलं, की डावीकडे बोटभर जागा उरतेय आणि उजवीकडे त्याच्या निम्मी. मग लेव्हल ठेवून बघितली. (ती आधी ठेवायची असते. समोरच पडली होती.) बुडबुडा पळत कडेला गेला. ओटाच उतरता, दोन मीटरला ८ मिलिमीटर. टाइल चिकटवायचं केमिकल ओलं होतं म्हणून वाचलो. लावलेल्या सगळ्या टाइल्स थापीने उचकटल्या, पाठी खरवडून धुतल्या, भिंतीवर आडवी रेघ मारून तिथे लाकडी पट्टी ठोकली आणि पट्टीच्या वरून रांगा सुरू केल्या. सगळ्यात खालची रांग शेवटी, एकेक टाइल मापाने कापून.

गवंडी ठोकून बघतात तसं बोटाच्या पेराने ठोकून बघितलं. दोन ठिकाणी पोकळ आवाज आला, म्हणजे तिथे टाइलमागे केमिकल नीट भरलेलं नाही. पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्यात.

मंगळवार

सिंकखालचा अँगल कॉक, म्हणजे पाणी बंद करायचा छोटा नळ, बदलला. टेफ्लॉन टेप उलट्या दिशेने गुंडाळली होती, त्यामुळे कॉक पिळताना ती सोलून गोळा झाली. खाली कोरडा कागद पसरला, तर अर्ध्या तासात त्यावर बटणाएवढा डाग. परत खोललं, टेप आट्यांच्या दिशेने गुंडाळली. झोपताना कागद कोरडा होता.

बुधवार

मायक्रोवेव्ह नि किटलीसाठी सॉकेट दोन हात डावीकडे न्यायचं होतं. मेन बंद करून बोर्ड खोलला. आत एका रंगाची वायर दुसऱ्या रंगाच्या वायरला पीळ देऊन जोडलेली, वर काळी टेप, आणि पुढे सगळं भिंतीच्या पोटात. टॉर्च धरून दहा मिनिटं नुसता बघत बसलो. गॅसच्या पाइपला हात लावायचा नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं, त्यावर मनातसुद्धा वाद झाला नाही. विजेचं तसं नाही. प्लग बदलणं, पंख्याचा कंडेन्सर टाकणं ही कामं मी वर्षानुवर्षं करतोय, त्यामुळे हात शिवशिवत होते.

पण टाइलची चूक मला तासाभरात कळली, कॉकची अर्ध्या तासात. इथे मी चुकलो तर किटली पहिल्या दिवशी नीटच चालेल, महिनाभरही चालेल, आणि मी त्यावरून नवी टाइल चिकटवून मोकळा झालेला असेन.

बोर्ड परत लावला. बाहेर येऊन म्हटलं, ‘‘उद्या वायरमनला फोन करतो.’’ हिने वर न बघता ‘‘बरं’’ म्हटलं. इतक्या लवकर ‘बरं’ म्हणायला नको होतं, असं वाटून गेलं.

शनिवार

वायरमन आले. पहिल्यांदा टेस्ट लॅम्पची एक पिन फेजला, दुसरी अर्थिंगला लावली. दिवा लागला नाही. बोर्ड खोलून बघतात तर अर्थिंगची वायर कापून मागे दुमडून ठेवलेली. कुणी, कधी, देव जाणे. इतकी वर्षं आम्ही त्याच सॉकेटवर ओल्या हाताने मिक्सर लावतोय.

वायरही दीड एमएमची निघाली. त्यांनी किटली उलटी करून खालचा आकडा वाचला, २००० वॉट. मायक्रोवेव्ह १२०० वॉट. दोन्ही एकदम चालू केली तर २३० व्होल्टला जवळजवळ १४ अँपिअर. ‘‘ह्या वायरीवर नको, साहेब,’’ म्हणाले, आणि मेन बोर्डापासून चार एमएमची वेगळी लाइन ओढली. त्या लाइनसाठी भिंत मात्र मीच फोडून दिली. तेवढं जमतं.

जाताना ओट्यापाशी थांबले. फुल्यांकडे बघून हसले, मग पेराने टाइल्स ठोकत रांगेच्या टोकापर्यंत गेले आणि कोपऱ्यातल्या एका टाइलवर थांबले.

‘‘हीपण पोकळ आहे.’’

पेन्सिल शोधतोय.