आमची वाटचाल: फसलेल्या रुमालाचं प्रवाळ

आमच्याकडे विणणाऱ्या पाचजणींपैकी दोघींनी अजून समुद्र पाहिलेला नाही. तरी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या दोन खोल्यांत लोकरीचे ऑक्टोपस, जेलीफिश आणि प्रवाळ छताला टांगलेले असतात.

मुळात क्रोशाची सुई आईची. ती तोरणं आणि टीव्हीवरचे रुमाल विणून विकायची. टीव्ही चपटे झाले, रुमाल गेले. त्याच सुमारास मी मालवणला पाण्यात तोंड घालून प्रवाळ पाहून आले. आईला फोटो दाखवला तर म्हणाली, "हा तर फसलेला रुमाल आहे. टाके जास्त झाले की कड अशीच मुरडते."

नंतर कळलं, कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ डायना ताइमिना यांनी १९९७ साली असेच टाके वाढवत हायपरबोलिक, म्हणजे कडेकडे झालरीसारखा मुरडत पसरणारा, पृष्ठभाग विणला होता. त्याच युक्तीवर मार्गारेट आणि क्रिस्टीन या वर्टहाइम भगिनींनी २००५ पासून क्रोशाची प्रवाळबेटं उभी केली.

पहिल्या ऑर्डरीत आम्ही आकार बघून किंमत लावली आणि बुडालो. २० मुक्या खांबांनी (क्रोशाचा साधा, बुटका टाका) सुरुवात करा, प्रत्येक टाक्यात दोन घाला: ४०, ८०, १६०, ३२०. शेवटची ओळ आधीच्या चारही ओळींच्या बेरजेहून मोठी! वस्तू दिसते मुठीएवढी, लोकर सगळी झालरीत. आता तराजूवर ठेवल्याशिवाय भाव सांगत नाही. "एवढुशाचे एवढे?" हे तरी ऐकावं लागतंच.

दुसरा फटका उन्हाचा. एका ताईंनी गुलाबी प्रवाळ पश्चिमेच्या खिडकीत टांगलं, आणि नागपूरचा मे. महिनाभरात पांढरंफटक. चूक आमचीच, लोकर स्वस्तातली घेतली होती. पैसे परत केले. आता नवी लोकर आली की आधी एक लडी आठ दिवस गच्चीवर उन्हात पडते.

खरं प्रवाळही पांढरं पडतं, पण त्याचं कारण वेगळं. पाणी तापलं की अंगात राहून त्याला अन्न पुरवणारी सूक्ष्म शैवालं ते बाहेर टाकतं, आणि आतला चुन्याचा सांगाडा दिसू लागतो. हे सांगायला तो विटलेला तुकडा दुकानात ठेवला, तर गिऱ्हाईक त्यालाच भाव विचारू लागलं. शेवटी तसंच मुद्दाम विणायला घेतलं: पांढरा सुती दोरा, काठाला एकच गुलाबी ओळ.

आईला काही पटत नाही. "पांढरं कोण घेते घरात? चार दिवसांत धूळ बसते."