तो रहिवासी मीच

इथं इंग्लंडमध्ये लायब्ररीत पुस्तक परत करायला गेलो होतो. दाराशी आमच्या काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, नव्या वॉर्डांचा कच्चा नकाशा लावलेला, आणि जाड रेघ नेमकी आमच्या गल्लीच्या टोकावरून गेलेली. रेल्वेपुलाच्या अलीकडची आमची सतरा घरं एका वॉर्डात. पुलापलीकडची शाळा, डॉक्टर, वाण्याचं दुकान दुसऱ्यात. खाली ओळ होती : तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

'हरकती व सूचना' वाचून वाचून आपण मोठे झालो, त्यामुळे हसू आलं. तरी रात्री अर्ध्या पानाचं पत्र लिहिलं. पोरगी रोज पूल ओलांडून शाळेत जाते, आमचं सगळं तिकडंच आहे, एवढंच.

काही महिन्यांनी अंतिम अहवाल आला. एका रहिवाशानं शाळेचा मुद्दा मांडला, तो पटला, म्हणून रेघ त्या सतरा घरांच्या मागं सरकवली, असं त्यात छापलेलं. तो रहिवासी मीच! बायकोला तीनदा वाचून दाखवलं. चौथ्यांदा ती उठून गेली. माझं पत्रही वेबसाइटवर होतं. नाव-पत्ता झाकलेला, इंग्रजीच्या चुका मात्र जशाच्या तशा.

इंग्लंडमध्ये वॉर्डांच्या सीमा आखणारा आयोग वेगळा आहे. तो सरकारला नाही, संसदेला उत्तर देतो. कायद्यानं त्यानं तीन गोष्टी बघायच्या : दर नगरसेवकामागं मतदार साधारण सारखे हवेत, वस्तीची आपसातली नाती तुटू नयेत, आणि कारभार सोयीचा व्हावा. वर अहवालात आश्वासन, की यामुळं घराच्या किमतीवर किंवा विम्याच्या हप्त्यावर परिणाम होईल असं दिसत नाही. लोक काय काय विचारत असतील, त्याचा अंदाज आला.

त्या नात्यांच्या मुद्द्यापाशी मी अडकलो. सोलापूरच्या साखर पेठेबद्दल असं पत्र लिहायचं तर काय लिहायचं? घरात तेलुगू, दुकानात मराठी, मागाचा खडखडाट, चादरी. सोलापुरात 'पूर्व भाग' म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. आणि 1992 ला शहरात आलेल्या गावांना आजही आपण 'हद्दवाढ भाग' म्हणतो. कागदावरची हद्द कधीच पुढं गेली, तोंडातली तिथंच आहे.

मोजणीचं तर मनाला फारच लागलं. इथं मतदार मोजतात, तेही पाच वर्षांनी किती होतील ते. पाया न खणलेल्या बंगल्यांतली माणसंसुद्धा हिशेबात! आपल्याकडे सोलापूर महापालिकेचं 15 जानेवारी 2026 ला मतदान झालं ते 2011 च्या जनगणनेवर. लोकसंख्या 9,51,558, जागा 102. म्हणजे चार नगरसेवकांच्या प्रभागाला सरासरी 37 हजार. जुळे सोलापूर, विजापूर रोड तेव्हा किती होतं आणि आता किती, हे तिथं राहणाऱ्याला सांगायला नको.

पण 2021 ची जनगणनाच झाली नाही, त्याला सोलापूर काय करणार? आणि आपलं काम काही वाऱ्यावर चालत नाही. प्रभाग उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेला संपवायचे, प्रगणक गट (जनगणनेतला लहानात लहान भाग) फोडायचा नाही, हद्द रस्ता, नाला, रेल्वेरूळ बघून धरायची, सरासरीपेक्षा दहा टक्के इकडंतिकडं चालेल. इथंही दहाच टक्के धरतात! उगीच भारावून जायचं कारण नाही. याच देशात 1832 पर्यंत ओल्ड सेरम नावाच्या ओसाड टेकडीला दोन खासदार होते. आणि खासदारांच्या मतदारसंघांचे नवे नकाशे 2013 ला पक्षांच्या भांडणात बारगळले, 2018 चे अमलातच आले नाहीत. शेवटी नवी आखणी वापरली गेली ती जुलै 2024 च्या निवडणुकीत. आपण 2008 मध्ये पंढरपूर लोकसभा पुसून माढा केला, सोलापूर राखीव केलं, 'शहर मध्य' नवीन काढलं, आणि पुढच्याच वर्षी मतदानही उरकलं.

एक मात्र पटत नाही. प्रभागात नगरसेवक किती, हे मुंबईत बसलेलं सरकार ठरवतं. 2012 ला दोन, 2017 ला चार, मग तीन करायचे ठरलं, परत चार. मार्च 2022 पासून जवळपास चार वर्षं तर नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते.

बावीस वर्षं सोलापुरात राहिलो, एकही हरकत घेतली नाही. आमचा प्रभाग कितवा, तेही माहीत नव्हतं. तेव्हा असल्या गोष्टींचं वय नव्हतं, मग पुण्याला होतो, मग इकडं. भारतीय पासपोर्टवर इथं राहणाऱ्याला इथं मत देता येतं, हे कितीजणांना माहीत आहे? सोलापूरच्या मतासाठी मात्र स्वतः हजर राहावं लागतं, आणि जानेवारीत तिकीट काय भावानं मिळतं ते विचारू नका.

आप्पांना अहवालाचं ते पान पाठवलं. संध्याकाळी फोन आला.

"आता हे काय नवीन काढलास?"

मी सगळं सांगितलं. पूल, शाळा, सरकलेली रेघ. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"आम्ही चारपाच जण 2017 च्या वेळी सुनावणीला गेलतो. चहा चांगला होता." थोडं थांबून म्हणाले, "तुझ्याकडं पाणी रोज येतं ना?"

"रोज. चोवीस तास."

"मग तुला नगरसेवक लागतो कशाला?"