आमची वाटचाल : पुण्यातून समुद्राकडे

"पुण्यात बसून समुद्र शिकवता?" हे आम्ही पहिल्या दिवसापासून ऐकत आलो. याच खडकवासल्याच्या पाण्यावर एनडीएचे कॅडेट शिडाच्या होड्या चालवायला शिकतात. त्यांना हे कोणी विचारत नाही.

शिडाची होडी चालवणं आणि समुद्रात वाट काढणं शिकवण्याचा हा धंदा उभा केला तो मी आणि रेवदंड्याच्या तांडेलकाकांनी. शीड, नांगर, गाठी त्यांच्याकडे आणि चार्ट, म्हणजे समुद्राचे नकाशे, माझ्याकडे. बोलाइन, म्हणजे न सरकणाऱ्या फासाची गाठ, ते डोळे मिटून मारत आणि पोरांकडूनही तशीच मारून घेत. मतलई वारा कधी पडणार आणि खारा कधी उठणार, हे त्यांनी शिकवलं तसं मला आजही शिकवता येत नाही.

पुढची वर्षं बरी गेली. मग आमच्याकडेच शिकलेल्या एका गृहस्थांनी कर्वे रस्त्यावर स्वतःचा वर्ग काढला. दोन दिवस, मोबाइलवरचा नकाशा, शेवटी फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. आमच्या तुकड्या निम्म्या रिकाम्या राहू लागल्या. नारायण पेठेतला हॉल सोडला, एक एंटरप्राइज होडी विकली, काकांचा पगार थकला. काका एका शब्दानं बोलले नाहीत. मला राग येतो तो आजही याचाच, की लोकांना कागद विकला गेला. मोबाइल तुम्ही कुठे आहात ते दाखवतो, पण होडीच्या तळाखाली किती पाणी उरणार हे भरतीचं कोष्टक घेऊन तुम्हालाच काढावं लागतं. उधाणाला मुंबईच्या पाण्यात चार मीटरहून अधिक चढ-उतार होतो, आणि साधारण सहा तासांच्या त्या चढ-उतारातला जवळपास निम्मा मधल्या दोन तासांत.

त्या काळात एरंडवण्याचे एक डॉक्टर पाठीशी उभे राहिले. मुंबईत त्यांची स्वतःची शिडाची बोट आहे. त्यांनी पूर्ण तुकडीची फी आगाऊ भरली, मित्रांना आणून बसवलं आणि स्वतः पुन्हा पहिल्या धड्यापासून बसले. काकांचा थकलेला पगार त्या पैशांतून चुकता झाला.

नव्याने शिकणाऱ्यांनो, डिव्हायडर, म्हणजे चार्टवर अंतर मोजायचा दोन टोकांचा चिमटा, पितळेचा आणि एका हाताने उघडणारा घ्या. अंतर चार्टच्या बाजूच्या अक्षांशपट्टीवरच मोजा. तिथला एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. वरच्या रेखांशपट्टीवर मोजलंत तर आपल्या भागात अंतर सुमारे पाच टक्के जास्त येतं. आपल्या किनाऱ्यावर चुंबकीय फरक, म्हणजे खरी उत्तर आणि होकायंत्राची उत्तर यांतलं अंतर, एक अंशाच्या आत, म्हणून होकायंत्राकडे दुर्लक्ष होतं. पण बोटीवरचं लोखंड आणि शेजारी ठेवलेला मोबाइल काटा फिरवतातच. मोबाइल खिशात नको, पिशवीत ठेवा, तीही लांब.

पुढची तुकडी दिवाळीनंतर. दोन दिवसांचं प्रमाणपत्र असलेल्यांनाही घेतो, मात्र बोलाइनपासून आणि पूर्ण फी घेऊन.