वर्गातल्या जपान-सादरीकरणाला ओनिगिरी: माझा अनुभव

जपानवर बोलायचं म्हटलं की सगळ्यांना आधी सुशी आठवते. तीस मुलांच्या वर्गासाठी मी ती पहिल्याच फेरीत बाद केली. कच्चा मासा तासन् तास डब्यात ठेवणं धोक्याचं. मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप शाकाहारी वाटतं, पण त्यातला दाशी, म्हणजे सूपचा मूळ अर्क, बहुधा बोनिटो माशाचा असतो. तेंपुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या किंवा मासे, थोड्याच वेळात लिबलिबीत होतो. मोची, म्हणजे चिकट तांदूळ कुटून केलेला गोळा, इतकी चिवट, की ती घशात अडकून जपानमध्येही माणसं दगावतात. उरली ओनिगिरी, म्हणजे भाताचा वळलेला गोळा: हातात धरून, गारच खायची.

पन्नास ग्रॅमची एक धरली, तर ३० नगांना दीड किलो भात लागतो, म्हणजे ७०० ग्रॅम तांदूळ. तो आखूड दाण्याचा जपानीच हवा. बासमती फडफडीत होतो, गोळा धरत नाही. इंद्रायणी वळता येतो, म्हणून हात बसेपर्यंतचा सराव मी त्याच्यावर केला. वास मात्र आपल्या भाताचाच.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुऊन अर्धा तास भिजवला, निथळला. १५० ग्रॅमला २०० मिली या हिशेबाने ९३० मिली पाणी घातलं. उकळी आल्यावर झाकून मंद आचेवर १२ मिनिटं, मग गॅस बंद करून १० मिनिटं वाफ जिरू द्यायची. मध्ये झाकण उघडलं की वरच्या दाण्यांत कणी राहते.

भात गरम असतानाच १२ ग्रॅम मीठ मिसळलं आणि प्लास्टिक रॅपमध्ये धरून वळला. गार भात वळताना फुटतो. लाडवासारखं आवळायचं नाही: फिरवत तीन-चारदा दाबलं की त्रिकोण होतो. जास्त दाबलं तर दगड, कमी दाबलं तर पहिल्याच घासाला भात मांडीवर! निम्म्यांत उमेबोशीचा (मिठात मुरवलेल्या जपानी उमे फळाचा) वाटाण्याएवढा तुकडा घातला; ती भलतीच आंबट-खारट. पाकिटावर बोनिटो नाही ना, हे वाचून घ्यावं. उरलेल्यांना भाजलेले तीळ लावले. तिळाची ॲलर्जी असू शकते, म्हणून डबा वेगळा.

आदल्या रात्री करून फ्रिजमध्ये ठेवायचा मोह टाळावा. भात कडक, कोरडा होतो. रात्रभर बाहेर ठेवणं तर त्याहून वाईट, कारण भातातले काही जिवाणू शिजूनही तगतात. सकाळी सहाला शिजवून, निववून, मगच डबा बंद केला. कोमट असताना झाकला तर आत पाणी सुटतं.

नोरी (समुद्री शेवाळाचं वाळवलेलं पातळ पान) मात्र वर्गात पोचल्यावरच गुंडाळावी, आधी लावली की ओली होऊन चामट होते. जपानी दुकानांतल्या ओनिगिरीत भात आणि नोरीच्या मध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो तो याचसाठी. एका चौकोनी पानाच्या आठ पट्ट्या होतात, चार पानं पुरली. खरखरीत बाजू भाताकडे.