घरी का नाही गेलात?

२०२०च्या लॉकडाऊनचा विषय निघाला की कॉलेजातल्या मुली हमखास विचारतात, "ताई, सगळे गावी गेले, तुम्ही पुण्यातच कशा राहिलात? घरी का नाही गेलात?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

घरी कुणी नव्हतंच. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, आई-वडील ऊसतोडीला. मार्चअखेर सगळं बंद झालं तेव्हा ते सांगलीकडे कोपीवर, म्हणजे तोडणी कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीत, आणि मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे भाड्याच्या खोलीत एका खाटेपुरती. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परवानगी देईपर्यंत तोडणी कामगारांना गावी परतता येईना. परतल्यावरही त्यांना आधी गावाबाहेर शिवारातच ठेवलं. आई फोनवर म्हणायची, "आमचंच बिऱ्हाड उघड्यावर हाय, तू हायेस तिथंच ऱ्हा."

मेस बंद पडली होती आणि खोलीत स्वयंपाक करायचा नाही ही तर मालकीणकाकूंची पहिली अट. त्यांनीच ती मोडली, इंडक्शन शेगडी आणून दिली. आमच्याकडं एकच पातेलं, ॲल्युमिनियमचं. ते तापेचना. लोखंड किंवा तसलं स्टील असल्याशिवाय ती शेगडी चालत नाही, हे आम्हाला कुठं ठाऊक! मग काकूंनी स्वतःचा स्टीलचा कुकर वर पाठवला. सकाळी त्यात डाळ-तांदूळ, रात्रीही तेच. आम्ही ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या मुली, भातानं पोट भरल्यासारखं वाटायचंच नाही. तरी त्या बाईंचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. भाड्याचा विषय त्यांनी एकदाही काढला नाही.

मे महिन्यात पास मिळू लागले. बहुतेक जणी गेल्या. मी मात्र मुद्दाम राहिले, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथं आहे. तेव्हा लग्नाला ५० माणसांचीच परवानगी होती. मुकादमाची उचल, म्हणजे तोडणीसाठी आगाऊ घेतलेले पैसे, डोक्यावर असलेल्या बापाला त्यातला हिशेब सांगावा लागत नाही: जेवणावळी नाहीत, मानपान नाही, थोडक्यात पोरगी उजवली जाते. माझ्यासाठीही स्थळ आलं होतं. वडिलांना मी दोष देत नाही, त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण त्यांच्यासमोर उभी असते तर माझ्या तोंडून 'नाही' निघालं नसतं. फोनवर निघालं.

शेवटच्या वर्षाची परीक्षा होणार की नाही, हे ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत अधांतरीच होतं. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठानं ती ऑनलाइन घेतली. माझ्या फोनला ऐनवेळी रेंज गेली तेव्हा रूम पार्टनरनं स्वतःचा पेपर संपवून मला हॉटस्पॉट दिला.

माझ्या बेंचवरची, वर्गात कायम पहिली येणारी मुलगी त्या परीक्षेला बसलीच नाही. ती मे महिन्यात गावी गेली होती, जूनमध्ये तिचं लग्न लागलं. आता तिनं मुक्त विद्यापीठात नाव घातलंय. पदवीचं शेवटचं वर्ष तिला पुन्हा पहिल्यापासून करावं लागतंय.